जुलाबाच्या गोळ्या, अफू आणि कायदा: कोल्हापुरातल्या मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे दोन गोष्टी वाढतात: जुलाबाचे पेशंट आणि जुलाबाच्या गोळ्यांबद्दलचे प्रश्न. दुकानात, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. दुखणं अंगावर असेल तर डॉक्टरांकडे जा, गुन्हा दाखल झाला असेल तर वकिलाकडे.

१. जुलाब थांबवणारी लोमोटिल ही अफूची गोळी आहे म्हणतात. खरंय का?

अफू तिच्यात नाही, पण घराणं तेच. खसखशीच्या बोंडाचा चीक या गोळीत कुठेच नसतो. तिच्यातलं मुख्य औषध डायफेनॉक्सिलेट हे प्रयोगशाळेत तयार केलेलं रसायन आहे. मॉर्फिन शरीरातल्या ज्या ओपिऑइड रिसेप्टरना चिकटतं, त्यांनाच हेही चिकटतं, म्हणून याला ओपिऑइड म्हणतात. एका गोळीत डायफेनॉक्सिलेट हायड्रोक्लोराइड २.५ मिलिग्रॅम आणि ॲट्रोपिन सल्फेट ०.०२५ मिलिग्रॅम असतं. दुसऱ्या औषधाचं काम काय, ते प्रश्न ५ मध्ये आहे. लोपरामाइड ही याच घराण्यातली धाकटी. तिच्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. गोळी घेतली की जुलाब थांबतात. म्हणजे रोग बरा होतो ना?

नाही. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर हे औषध काम करतं. आतड्याची हालचाल मंदावते, आतला द्रव जास्त वेळ थांबतो आणि पाणी शोषलं जायला सवड मिळते. संडासला जायच्या खेपा कमी होतात, एवढंच. जंतू मरत नाहीत आणि अंगातून गेलेलं पाणी-मीठही परत येत नाही.

ते पाणी-मीठ भरून काढायला ओआरएस लागतं. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं जगवली. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तरी आजही आमच्याकडे येणारा माणूस आधी गोळी मागतो आणि ओआरएसची पुडी आम्हाला आठवणीनं त्याच्या हातात ठेवावी लागते.

३. आमची आजी पोट बिघडलं की मुगाएवढी अफू द्यायची म्हणे. तेव्हा कुणाला काही होत नव्हतं?

होत होतं, त्याची नोंद कोण ठेवणार? पण अफूनं हगवण आवरते ही माहिती फार जुनी, आणि ती खोटीही नाही. आयुर्वेदात अतिसारावर दिला जाणारा कर्पूररस अहिफेन, म्हणजे अफू, घालूनच बनतो. इंग्लंडमध्ये थॉमस डोव्हर या डॉक्टरनं १७३२ मध्ये अफू आणि इपेकाक नावाच्या मुळीची पूड प्रसिद्ध केली. 'डोव्हर्स पावडर' नावानं ती दोनशे वर्षं खपली. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतले डॉ. कॉलिस ब्राउन यांनी एकोणिसाव्या शतकात पटकीवर क्लोरोडाइन काढलं. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म, तिन्ही एकत्र. दुखणं थांबायचं, आणि सवयही लागायची.

आपल्याकडे मुलांच्या बाबतीत तर याहून वाईट चाल होती. मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला 'बाळागोळी' चारून निजवून जायच्या. १९२० च्या दशकातल्या कामगारांच्या पाहण्यांमध्ये या गोळीचा उल्लेख येतो. तिच्यात अफूच होती. त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाळणाघर नव्हतं आणि भोंगा थांबत नव्हता. पण 'जुनं ते निर्धोक' असं कुणी म्हणालं की मला बाळागोळी आठवते.

४. मग ही नवी गोळी कुणी शोधली?

बेल्जियमच्या डॉ. पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५६ मध्ये डायफेनॉक्सिलेट तयार झालं. खरं तर शोध वेदनाशामकांचा चालला होता. पेथिडिन हे कृत्रिम वेदनाशामक १९३० च्या दशकात जर्मनीत सापडलं होतं. त्याच्या रेणूत बदल करत करत यान्सेन यांची माणसं पुढे गेली. त्यात एक रेणू असा निघाला की नेहमीच्या मात्रेत वेदनेवर तो फारसा चालेना, आतड्याला मात्र चांगलाच आवर घाली. फेंटानिल हे जबरदस्त वेदनाशामकही काही वर्षांत याच प्रयोगशाळेतून आलं आणि १९६९ मध्ये लोपरामाइडही तिथंच बनलं.

अमेरिकेत जी. डी. सर्ल या कंपनीची लोमोटिल १९६० मध्ये मंजूर झाली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या औषधपेटीत जुलाबाच्या गोळ्या होत्या, त्या याच. (अंतराळात पोट बिघडणं म्हणजे काय प्रसंग, याची कल्पनाच केलेली बरी.)

५. जुलाबाच्या गोळीत ॲट्रोपिन कशाला? ते तर डोळ्यात घालतात ना?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ॲट्रोपिन गोळीत आहे ते माणसानं जास्त गोळ्या खाऊ नयेत म्हणून. एका-दोन गोळ्यांत ते इतकं थोडं असतं की जाणवतही नाही. नशेसाठी कुणी मूठभर गोळ्या गिळल्या, की तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, नजर अंधुक होते, लघवी अडते. नशा नकोशी व्हावी, हा हेतू.

आता आकडे पाहा. २.५ मिलिग्रॅमचा एक टक्का म्हणजे ०.०२५ मिलिग्रॅम. १९६१ च्या अंमली पदार्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात डायफेनॉक्सिलेट कडक यादीत आहे. पण मात्रेमागे २.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि सोबत किमान एक टक्का ॲट्रोपिन, अशी तयार गोळी सौम्य यादीत जाते. गोळी बाजारात आली १९६० मध्ये आणि करार झाला १९६१ मध्ये. म्हणजे कायद्यानं या गोळीच्या अंगावरच माप घेऊन कपडा शिवला. या औषधाच्या साऱ्या कायद्याची मेख या एक टक्क्यात आहे.

६. एवढं एक सांगा: लोमोटिल कायद्यानं 'नार्कोटिक' आहे की नाही?

डायफेनॉक्सिलेट आहे, नियमात बसणारी गोळी नाही. उत्तर विचित्र वाटेल, पण ते असंच आहे.

अंमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'उत्पादित औषध' असा एक वर्ग आहे. त्यात काय काय मोडतं ते केंद्र सरकारनं १४ नोव्हेंबर १९८५ च्या अधिसूचनेत सांगितलं. डायफेनॉक्सिलेट, त्याचे क्षार आणि ते असलेली मिश्रणं त्या यादीत आहेत. मात्र तिथंच सूटही लिहिली आहे: मात्रेमागे मूळ रूपात मोजलेलं डायफेनॉक्सिलेट २.५ मिलिग्रॅमपर्यंत आणि ॲट्रोपिन सल्फेट त्याच्या किमान एक टक्का असेल, तर ती गोळी यादीबाहेर.

'मूळ रूपात मोजलेलं' हे शब्द लोक वाचायचे सोडतात. गोळीवर २.५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते हायड्रोक्लोराइड क्षाराचं वजन. त्यातून क्षाराचा भाग वजा केला की मूळ औषध साधारण २.३ मिलिग्रॅम उरतं. म्हणजे नामांकित कंपनीची सरळ गोळी मर्यादेच्या आतच असते.

पण तीच पूड ॲट्रोपिनशिवाय सापडली, किंवा गोळीत ॲट्रोपिन कमी भरलं, तर सूट संपली आणि पूर्ण एनडीपीएस लागू झाला. आणि सूट मिळाली म्हणजे गोळी मोकाट विकता येते असंही नाही. एनडीपीएसच्या कलम ८० नुसार तो कायदा औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या जोडीनं चालतो. एकातून सुटलं तरी दुसरा उभाच असतो. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

७. काय ओ, जुलाबाच्या दोन गोळ्यांसाठी माझं नाव-पत्ता कशाला लिहून घेताय?

कारण डायफेनॉक्सिलेट औषध नियमांतल्या शेड्यूल एच-वन या यादीत आहे. ३० ऑगस्ट २०१३ ला अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. या यादीत बहुतेक औषधं भारी प्रतिजैविकं आणि क्षयाची आहेत. शिवाय झोपेच्या, नशेला वापरल्या जाणाऱ्या गोळ्या. डायफेनॉक्सिलेट त्यात कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम यांच्या पंगतीला बसलंय.

एच-वनचं औषध दिलं की चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं आणि अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले की दाखवायचं. तुमच्यावर संशय आहे म्हणून लिहीत नाही, आमचं लायसन टिकावं म्हणून लिहितो. 'पलीकडच्या मेडिकलमध्ये तर असंच दिलं' हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकतो. दिलं असेल. म्हणून नियम बदलत नाही.

८. चिठ्ठीचा फोटो पाठवला तर चालेल? किंवा मागच्या वर्षीची चिठ्ठी?

फोटोवरून गोळी आहे का ते सांगू शकतो. देताना डॉक्टरची सही-तारीख असलेली चिठ्ठी समोर हवी. एकदा औषध दिलेली चिठ्ठी पुन्हा चालते ती डॉक्टरनं तसं लिहिलं असेल तरच. निपाणीहून आणली तरी हेच. औषध कायदा केंद्राचा आहे, सीमेपलीकडे बदलत नाही.

९. मग लोपरामाइड इतकी सहज कशी मिळते? तीही त्याच घराण्यातली ना?

घराणं तेच, पण लोपरामाइड मेंदूत शिरत नाही, म्हणजे नेहमीच्या मात्रेत तरी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं. ते या औषधाला आत येताच पंपासारखं बाहेर फेकतं. आतडं मंदावतं, नशा येत नाही. डायफेनॉक्सिलेटचं असं नाही. जास्त मात्रेत ते मेंदूपर्यंत पोचतं.

ही खात्री पटायला कायद्याला वेळ लागला. अमेरिकेत लोपरामाइड १९७६ मध्ये मंजूर झालं, १९७७ मध्ये नियंत्रित औषधांच्या सगळ्यात सौम्य यादीत गेलं, १९८२ मध्ये त्या यादीतून सुटलं आणि १९८८ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. भारतात ते एनडीपीएसमध्ये नाही, एच-वनमध्येही नाही. साध्या शेड्यूल एच मध्ये आहे. म्हणजे कायद्यानं चिठ्ठी लागतेच. प्रत्यक्षात काउंटरवरून सर्रास दिलं जातं, हे मी नाकारणार नाही. तसं ते असू नये, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण प्रश्न १० आणि १३ मध्ये आहे.

१०. तीन वर्षांच्या पोराला लई जुलाब लागलेत. अर्धी गोळी दिली तर?

नको. अर्धी नको, पावही नको. दोन्हींतली कुठलीच नको.

लोमोटिल सहा वर्षांखालच्या मुलाला देऊच नये असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. लहान मुलाचा श्वास या औषधानं मंदावतो आणि थांबूही शकतो. लोपरामाइडनं तान्ह्या बाळाचं आतडं पार बंद पडू शकतं. १९९० च्या सुमाराला पाकिस्तानात लोपरामाइडचे थेंब दिलेली बाळं अशीच दगावली. त्यावरून जगभर ओरड झाली आणि कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले. भारतात औषध कायद्याच्या कलम २६-अ खाली, डायफेनॉक्सिलेट, लोपरामाइड, ॲट्रोपिन किंवा बेलाडोना असलेलं मुलांसाठीचं जुलाबाचं औषध बनवायला आणि विकायला बंदी आहे, पातळ असो की दुसऱ्या रूपात. म्हणून या औषधाचं मुलांचं सिरप तुम्हाला कुठंच दिसत नाही. आणि मोठ्यांची गोळी मोडून देणं म्हणजे घरच्या घरी ती बंदी मोडणं.

मुलाला ओआरएस द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंक द्या. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं, तर वाट न बघता सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा.

११. मोठ्या माणसांनीही कधी घेऊ नये?

शौचातून रक्त किंवा आव पडत असेल आणि ताप असेल तर घेऊ नये. जंतूंचा आतड्यात मुक्काम वाढतो. आतड्याला व्रण असलेल्यांचं (अल्सरेटिव्ह कोलायटिस) मोठं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपल्यावर जुलाब लागले तरी आधी डॉक्टरांना विचारा. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्यांना लोमोटिल चालत नाही. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, तर ॲट्रोपिनमुळे जपून. आणि दारू किंवा झोपेची गोळी सोबत नको; गुंगी वाढते.

१२. पुरात अडकलो तर घरात एक पाकीट असावं म्हणून देता का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न दर जुलैला येतो. पूर ओसरताना नळाला गढूळ पाणी येतं आणि जुलाबाच्या साथी तेव्हाच पसरतात. साथीतला जुलाब हा नेमका असा जुलाब, जिथं आतडं बंद करून उपयोग नाही. घरात ठेवायचं तर ओआरएसच्या पुड्या आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. लोमोटिल चिठ्ठीशिवाय 'असावी म्हणून' देता येत नाही (प्रश्न ७).

१३. मुलगा जुलाब नसताना लोपरामाइडची पाकिटं आणतो. काळजीचं आहे का?

आहे. अफूजन्य नशा करणारे कधी कधी ओढ सोसवत नाही म्हणून, कधी झिंगेसाठी, ही गोळी फार मोठ्या मात्रेत घेतात. एवढ्या मात्रेत हृदयाची लय बिघडते आणि माणूस अचानक कोसळू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये तसा इशारा दिला आणि २०१८ मध्ये चिठ्ठीशिवायच्या पाकिटात एकूण ४८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध असू नये म्हणून पावलं उचलली. ओरडू नका. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मुलगा मध्येच बेशुद्ध पडून उठला असं कधी झालं असेल, तर ईसीजी त्याच दिवशी काढा.

१४. चुकून पोरानं लोमोटिल खाल्ली, पण आता खेळतंय. तरी न्यायचं का?

ताबडतोब. फसवणारं विष आहे हे. सुरुवातीला तोंड कोरडं, अंग लाल, ताप, अशी ॲट्रोपिनची लक्षणं येऊ शकतात. मग मूल ठीक वाटतं. आणि ३० तासांपर्यंत केव्हाही श्वास मंदावू शकतो. नालोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा असर गोळीच्या आधी उतरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो आणि मूल दवाखान्यातच नजरेखाली ठेवावं लागतं. १०८ ला फोन करा, रिकामं पाकीट सोबत न्या.

१५. किती गोळ्या जवळ सापडल्या तर गुन्हा होतो?

चिठ्ठी आणि बिलासह उपचारापुरत्या गोळ्या असतील तर घाबरायचं कारण नाही. भानगड पोत्यानं सापडतात तिथं आहे.

अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम, असे डायफेनॉक्सिलेटचे आकडे १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत आहेत. एनडीपीएसच्या कलम २१ खाली अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा. व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, वर एक ते दोन लाख दंड. पण ५० ग्रॅम कशाचे? निव्वळ औषधाचे धरले तर २०,००० गोळ्या होतात. सर्वोच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२० ला हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मिश्रणातल्या निरुपद्रवी पदार्थासकट सगळं वजन धरायचं. समजा एक गोळी ६० मिलिग्रॅमची आहे. मग ८३४ गोळ्यांतच ५० ग्रॅम ओलांडतात, आणि अल्प प्रमाण तर ३४ व्या गोळीला संपतं.

अर्थात हे गणित सुरू होतं ते गोळी प्रश्न ६ मधल्या सुटीत बसत नसेल तेव्हा. म्हणून अशा खटल्यांत बचावाची मदार प्रयोगशाळेच्या अहवालावर असते: किती डायफेनॉक्सिलेट, किती ॲट्रोपिन. एनडीपीएसमधून सुटला तरी लायसनशिवाय औषध विकल्याबद्दल औषध कायद्यात तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहेच.

१६. मुलीकडे अमेरिकेला चाललोय. सोबत नेऊ का?

मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, प्रवासापुरतीच. तिकडे ही गोळी सगळ्यात सौम्य, म्हणजे पाचव्या यादीत आहे. ॲट्रोपिन नसलेलं डायफेनॉक्सिलेट मात्र दुसऱ्या, कडक यादीत. आखाती देशांत किंवा इतरत्र जाताना आधी त्या देशाच्या वकिलातीला विचारा. लोपरामाइडचा त्रास कमी.

१७. तालमीतला पैलवान आहे. डोपिंगमध्ये सापडेल का?

या गोळीमुळे नाही. 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत अंमली औषधं नावानिशी दिली आहेत. मॉर्फिन आहे, पेथिडिन आहे, २०२४ पासून ट्रामाडॉलही आहे. डायफेनॉक्सिलेट आणि लोपरामाइड नाहीत. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते, तेवढं तपासत जा. मला काळजी वेगळीच वाटते. वजन उतरवायला पाणी तोडलेला पैलवान जुलाब लागल्यावर गोळी घेऊन मातीत उतरतो, तेव्हा त्याच्या अंगात पाणीच नसतं.

१८. अमेरिकेत डायफेनॉक्सिन म्हणून आणखी एक आहे, ते हेच का?

हेच, एक पायरी पुढचं. डायफेनॉक्सिलेट पोटात गेल्यावर शरीर त्याचं डायफेनॉक्सिन करतं आणि खरं काम तेच करतं. गंमत कायद्याची आहे: नुसतं डायफेनॉक्सिन अमेरिकेत पहिल्या, म्हणजे हेरॉइनच्या यादीत, १ मिलिग्रॅमला ०.०२५ मिलिग्रॅम ॲट्रोपिन जोडलं की चौथ्या. अर्धा मिलिग्रॅमला तेवढंच जोडलं की पाचव्या. पुन्हा सगळा खेळ ॲट्रोपिनचा.

१९. पांढऱ्या रश्श्यात खसखस घालतो, ती तरी कायदेशीर आहे ना?

आहे. एनडीपीएस कायद्यात खसखशीच्या झाडाचा चीक आणि बोंडं येतात, बिया येत नाहीत. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून बिनधास्त आणा. फक्त नोकरीसाठी लघवीची तपासणी असेल तर आदल्या दिवशी रस्सा ओरपू नका. खसखशीमुळे मॉर्फिनचा अंश लघवीत दिसू शकतो.